संग्रहाची तबकडी व तिची वीज



स्मृति जतन करण्याचा प्रश्न वऱ्हाडाला नवा नाहीं. परतवाड्याच्या पूर्वेस, मोर्शी तालुक्यांत, रिद्धपूर नांवाचें गांव आहे. महानुभाव पंथाचें तें थोर क्षेत्र. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ह्याच गांवीं म्हाइंभटांनीं चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलें. ज्यानें जें पाहिलें वा ऐकलें असेल त्याला गांठावें, त्याची आठवण पडताळून पाहावी, आणि मगच ती पानावर उतरवावी, अशी त्यांची शिस्त होती. मराठी गद्यांतील हा आद्य ग्रंथ मानला जातो. परंतु चौदाव्या शतकाच्या आरंभीं दिल्लीच्या फौजांनीं दक्षिणेवर ज्या स्वाऱ्या केल्या, त्या धामधुमींत ह्या ग्रंथाची मूळ पोथी नाहींशी झाली. आज आपण जें लीळाचरित्र वाचतों तें हिराइसा आदिकरून अनुयायांनीं स्मरणाच्या बळावर पुन्हां उभें केलेलें आहे. आणि म्हणूनच त्याचे एकाहून अधिक पाठ आढळतात.

आजच्या भाषणाचा विषय विजेवर चालणारें एक लहानसें यंत्र हा आहे. तथापि त्याच्या मुळाशीं चिंता तीच आहे, म्हणून ही कथा आधीं सांगितली. परतवाड्यांतील, अमरावतींतील किंवा अकोल्यांतील कोणत्याहि सुशिक्षित कुटुंबाकडे आज लग्नकार्याचीं छायाचित्रें, वडीलधाऱ्यांच्या आवाजाचीं ध्वनिमुद्रणें, शेताचे सात-बाराचे उतारे, मुलांचीं प्रमाणपत्रें असा मोठा ठेवा असतो. तो ठेवा बहुधा संगणकाला बाहेरून जोडावयाच्या एका हार्ड डिस्कमध्यें भरून कपाटांत ठेवलेला असतो. ही डिस्क विकत घेतांना दुकानदाराला एकच प्रश्न विचारला जातो: ती किती टीबीची? ती आपली वीज कोठून घेते, हा दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक ह्या यंत्राचा जो सत्तर वर्षांचा इतिहास आहे, त्यांत आकाराइतकेंच महत्त्व ह्या दुसऱ्या प्रश्नाला आहे; आणि निवड करतांना तो इतिहास ठाऊक असला तर पुष्कळ नुकसान टळतें.

१९५६ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें रॅमॅक नांवाचें यंत्र जगापुढें मांडलें. कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथील प्रयोगशाळेंत रेनॉल्ड जॉन्सन ह्यांच्या नेतृत्वाखालीं तें घडलें होतें. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका उभ्या दांड्यावर बसविलेल्या, आणि त्या मिनिटाला १२०० फेरे घेत. एवढ्या अवजड यंत्रांत मावे काय, तर ५० लक्ष अक्षरें. म्हणजे आजच्या मोबाइलनें टिपलेलीं एकदोन छायाचित्रें. यंत्राचें वजन टनाहूनहि अधिक. अक्षरें लिहिणारें व वाचणारें जें टोक, ज्याला कारागीर हेड म्हणतात, तें तबकडीला घासूं नये म्हणून मध्यें दाबलेल्या हवेचा पातळ थर राखावा लागे, आणि ती हवा पुरविण्यास निराळा कंप्रेसर लागे. असें यंत्र चालविणें म्हणजे एक लहानसा कारखाना चालविणेंच होतें, आणि त्याला वीजहि कारखान्याच्याच मापानें लागे.

१९६२ सालीं त्याच कंपनीनें तबकड्यांची चवड यंत्रांतून काढून दुसरीकडे नेतां येईल अशी सोय केली. सुमारें १० पौंड वजनाची ही चवड माणूस हातांत धरून नेऊं शके. संग्रह हलूं लागला खरा, पण तो फिरविणारी मोटार व तिची वीज मात्र जागच्या जागींच राहिली. जेथें तसेंच दुसरें यंत्र असेल तेथेंच ती चवड वाचतां येई. पुढें १९७३ मध्यें विंचेस्टर ह्या टोपणनांवानें प्रसिद्ध झालेल्या रचनेंत तबकड्या आणि त्यांचीं हेडें एकाच बंदिस्त डबींत आलीं. धुळीचा एक कण हेडखालीं सांपडला तरी तबकडीवर चरा पडे. बंद डबीमुळें तें भय पुष्कळ कमी झालें. आजची हार्ड डिस्क ही ह्याच बंदिस्त डबीची वंशज होय.

त्यानंतर डबी झपाट्यानें लहान होत गेली. १९८० सालीं सीगेट कंपनीनें सव्वापांच इंची डिस्क काढली; तींत ५ एमबी मजकूर मावे. १९८३ मध्यें स्कॉटलंडच्या रोडाइम कंपनीची साडेतीन इंची डिस्क आली, आणि १९८८ मध्यें प्रेअरीटेक ह्या अमेरिकन कंपनीची अडीच इंची. आपल्या विषयाच्या दृष्टीनें ह्या शेवटच्या दोन मापांना विशेष महत्त्व आहे, कारण येथेंच ह्या घराण्याला दोन फांटे फुटले. साडेतीन इंची डिस्कमधील मोटार १२ व्होल्टांवर फिरते आणि तिच्या सूक्ष्म जोडण्यांना ५ व्होल्ट लागतात. म्हणजे तिला दोन प्रकारचा वीजपुरवठा हवा. अडीच इंची डिस्कची तबकडी लहान व हलकी, म्हणून तिची मोटारहि ५ व्होल्टांवरच चालते. हा फरक मुळांत बॅटरीवर चालणाऱ्या लहान संगणकांसाठीं केलेला होता. पुढें ह्याच फरकानें कोणती डिस्क खिशांत जाईल व कोणती टेबलावर राहील हें ठरविलें.

डिस्क संगणकाच्या बाहेर ठेवण्याची प्रथा १९८० नंतरच्या दशकांत रुळली. अॅपल कंपनीनें १९८५ सालीं आपल्या मॅकिंटॉश संगणकासाठीं अशी स्वतंत्र पेटी काढली होती. त्या काळच्या सर्व पेट्यांची एक गोष्ट समान असे. प्रत्येकीला दोन दोऱ्या. एक संगणकाकडे जाणारी आणि दुसरी भिंतींतील विजेकडे. मजकूर एका वाटेनें येई, वीज दुसऱ्या वाटेनें.

ह्या दोन वाटा एक करण्याचें काम यूएसबी ह्या जोडणीनें केलें. तिची पहिली आवृत्ति १९९६ च्या जानेवारींत निघाली. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, कॉम्पॅक, डिजिटल, आयबीएम, एनईसी आणि नॉर्दर्न टेलिकॉम अशा सात कंपन्या त्यामागें होत्या. इंटेलमधील ज्या मंडळीनें तिची आंखणी केली त्यांत अजय भट्ट हें नांव अग्रभागीं येतें. त्यांचें अभियांत्रिकीचें शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत झालें. गायकवाडांच्या ज्या नगरीशीं मराठी माणसाचा जुना ऋणानुबंध, तेथील विद्यार्थ्याच्या हातून जगांतील घरोघरची ही तार घडावी, ही गोष्ट आपल्याला खचित आनंद देणारी आहे.

ह्या जोडणींत मजकुराच्या तारांच्या शेजारींच ५ व्होल्टांच्या विजेची तार घातलेली होती. मात्र ती वीज मोजून मिळे. यंत्र जोडतांच त्यानें फक्त १०० मिलिअँपिअर घ्यावे. अधिक हवी असल्यास संगणकाकडे मागणी करावी, आणि मंजुरी मिळाल्यावर ५०० पर्यंत घ्यावी, असा नियम. २००० सालीं दुसरी आवृत्ति आली तेव्हां मजकुराचा वेग चाळीसपट झाला, पण विजेची मर्यादा तीच राहिली. ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर ह्यांचा गुणाकार अडीच वॅट होतो. आतां अडीच इंची डिस्क एकदां फिरूं लागली म्हणजे दोन वॅटांच्या आसपास भागवून घेते. परंतु थांबलेली तबकडी प्रथम गतिमान करतांना क्षणभर जवळजवळ एक अँपिअर, म्हणजे पांच वॅट, ओढते. भरलेली बैलगाडी जागची हलवितांना बैलांना जो जोर लावावा लागतो, तोच हा प्रकार. त्यामुळें त्या काळीं पुष्कळ डिस्क जोडल्यावर नुसत्या टक्‌-टक्‌ वाजत आणि फिरत नसत. त्यावर तोड म्हणून दोन तोंडांची केबल निघाली. एका तोंडानें मजकूर व वीज, आणि दुसऱ्यानें केवळ वीज. जुन्या कपाटांतून अशी केबल निघाली तर तिच्या जास्तीच्या तोंडाचें प्रयोजन हेंच.

२००८ च्या नोव्हेंबरांत तिसरी आवृत्ति निघाली. तिनें वेग वाढविलाच, पण विजेची मर्यादाहि ९०० मिलिअँपिअरपर्यंत, म्हणजे साडेचार वॅटांपर्यंत नेली. तेव्हांपासून अडीच इंची डिस्क एकाच केबलवर सुखानें चालूं लागली. २०१४ मध्यें सी-प्रकारचें लंबवर्तुळाकार, उलटसुलट कसेंहि बसणारें तोंड आलें; त्यांतून ५ व्होल्टांवर तीन अँपिअरपर्यंत वीज देतां येते. तथापि येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. तोंडाचा आकार सी आहे एवढ्यावरून तें तोंड पूर्ण वीज देतेंच असें नाहीं. किती द्यावयाची हें ज्याच्या त्याच्या रचनेवर अवलंबून असतें.

साडेतीन इंची डिस्क मात्र ह्या सर्व काळांत भिंतीशींच बांधलेली राहिली. तिला १२ व्होल्ट हवेत. शिवाय आरंभीचा जोर लावतांना वीसेक वॅट लागतात. म्हणून तिच्याबरोबर दीड ते दोन अँपिअरचा स्वतंत्र अॅडॉप्टर येतो. ह्या त्रासाच्या मोबदल्यांत ती संग्रह फार मोठा देते. अडीच इंची डिस्क साधारणतः पांच-सहा टीबींवर थांबते. साडेतीन इंची तिच्या कितीतरी पुढें जाते, आणि तीच रक्कम खर्चून तींत अधिक टीबी पदरांत पडतात. किंमतीच्या ह्या हिशेबानेंच पुष्कळ लोक तिची निवड करतात. परंतु हिशेबांत विजेचा आंकडा मांडलेला नसतो.

तो आंकडा वऱ्हाडांत कसा मांडावा? परतवाडा हें सातपुड्याच्या पायथ्याचें, मेळघाटाच्या सागवानाच्या बाजारपेठेचें गांव. वैशाखाच्या अखेरीस वळवाचीं वादळें येतात, झाडें तारांवर पडतात, आणि दिवे जातात. २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत महाराष्ट्राच्या लहान शहरांनीं व खेड्यांनीं जें भारनियमन सोसलें तें अद्याप कोणी विसरलेलें नाहीं. त्याच वर्षांत घरोघरीं इन्व्हर्टर आले. आणि डिजिटल कॅमेरेहि त्याच सुमारास आले. म्हणजे ठेवा वाढण्याचा काळ आणि वीज जाण्याचा काळ एकच होता.

अशा ठिकाणीं दोन्ही प्रकारच्या डिस्कचें वर्तन निरनिराळें असतें. लॅपटॉपला जोडलेली अडीच इंची डिस्क लॅपटॉपच्या बॅटरीवर जगते. दिवे गेले तरी तिला कळतहि नाहीं. साडेतीन इंची डिस्कचें तसें नाहीं. लॅपटॉप चालूच राहतो, पण अॅडॉप्टरची वीज तुटतांच डिस्क मध्येंच थांबते. तबकडीचें रक्षण करण्याची युक्ति मात्र आधुनिक डिस्कमध्यें आहे. वीज तुटल्यावरहि तबकडी क्षणभर स्वतःच्या वेगानें फिरत असते. त्या फिरण्यानें मोटारच जनित्र बनते, आणि तिच्या त्या शेवटच्या विजेवर हेडें सुरक्षित जागीं नेऊन ठेवलीं जातात. कारागिरी विलक्षण आहे. पण तिनें वांचते ती तबकडी. त्या क्षणीं जी फाइल लिहिली जात होती ती अर्धवट राहूं शकते, आणि प्रसंगीं साऱ्या संग्रहाची सूचीच बिघडते. सूची बिघडलेला संग्रह म्हणजे पानें सुटून विस्कटलेली पोथी. पानें जागींच असतात, पण क्रम हरवलेला असतो.

म्हणून निवडीचा पहिला नियम असा कीं, जी डिस्क सोबत न्यावयाची आहे, किंवा जेथें विजेचा भरंवसा नाहीं तेथें वापरावयाची आहे, ती केबलवरच चालणारी अडीच इंची घ्यावी. जी टेबलावर कायमची राहील आणि जींत फार मोठा संग्रह भरावयाचा आहे, ती साडेतीन इंची घेण्यास हरकत नाहीं. मात्र तिचा अॅडॉप्टर यूपीएसवर लावावा. पुष्कळ घरांत संगणकाला यूपीएस असतो आणि डिस्कचा अॅडॉप्टर भिंतीवरच्या साध्या सॉकेटांत खोंचलेला असतो. इन्व्हर्टर असला तरी दिवे जाऊन तो सुरू होईपर्यंत जो क्षणाचा खंड पडतो, तेवढाहि एखाद्या डिस्कला पुरतो.

दुसरा नियम अॅडॉप्टरविषयीं. निरनिराळ्या उपकरणांच्या अॅडॉप्टरांचीं गोल टोंकें पुष्कळदां सारख्याच मापाचीं असतात. लॅपटॉपचा १९ व्होल्टांचा अॅडॉप्टर १२ व्होल्टांच्या डिस्कमध्यें बसतो, आणि बसतांच तिच्या जोडण्या जळूं शकतात. टोंक बसलें म्हणजे जोड जमली, असें समजूं नये. व्होल्ट तेवढेच असले पाहिजेत; अँपिअर तेवढे किंवा अधिक चालतील; आणि धन-ऋणाची खूण जुळली पाहिजे. अॅडॉप्टर घरांत येतांच त्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवून डिस्कचें नांव लिहून ठेवावें. एवढ्या चिठ्ठीनें मोठी हानि टळते.

तिसरा नियम टक्‌-टक्‌ आवाजाविषयीं. डिस्क जोडल्यावर असा आवाज येऊं लागला कीं ती बिघडली असें समजून माणूस घाबरतो. बिघाड असूंहि शकेल. पण कित्येकदां तिला केवळ वीज अपुरी पडत असते. लांब व बारीक केबलमध्यें व्होल्ट वाटेंतच गळतात. एका तोंडाचीं चार तोंडें करणारा साधा हब लावला तर तीच थोडी वीज चौघांत वाटली जाते. दूरदर्शन संचाचें किंवा मोबाइलचें तोंड पुरेशी वीज देईलच असें नाहीं. म्हणून आधीं केबल आंखूड व जाड घ्यावी, मेजावरील संगणकाच्या मागच्या बाजूच्या तोंडांत थेट जोडून पाहावी, आणि हब लागणारच असेल तर स्वतंत्र अॅडॉप्टर असलेला घ्यावा. इतकें करूनहि आवाज थांबला नाहीं, तर मात्र डिस्क पुन्हां पुन्हां चालू न करतां जाणकाराकडे न्यावी.

फिरणारी तबकडीच नसलेल्या, एसएसडी नांवाच्या संग्राहकाचा उल्लेखहि येथें करणें अवश्य आहे. जपानच्या तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका ह्यांच्या संशोधनांतून निघालेल्या, आणि १९८७ सालीं पुढें आलेल्या नँड फ्लॅश स्मृतीवर तो चालतो. त्याला मोटार नाहीं, म्हणून आरंभीचा जोर नाहीं. पडला तरी तबकडी फुटण्याचें भय नाहीं. प्रवासाला व रोजच्या कामाला तो उत्तम. पण त्यांतील अक्षरें सूक्ष्म विद्युद्‌भाराच्या रूपानें सांठविलेलीं असतात, आणि विजेविना दीर्घकाळ पडून राहिल्यास तो भार हळूहळू ओसरतो. उष्णतेनें लवकर ओसरतो. वऱ्हाडांतील मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर चढतो. अशा हवेंत एसएसडी वर्षानुवर्षें बंद कपाटांत ठेवून विसरून जाणें योग्य नव्हे. कपाटांत ठेवण्यासाठीं फिरती तबकडी बरी; आणि तीहि वर्षांतून एकदोनदां जोडून, फिरवून, आंतील मजकूर उघडून पाहावा.

आतां पुन्हां रिद्धपुराकडे वळूं. लीळाचरित्राची एक पोथी गेली, तरी ग्रंथ वांचला. कारण तो अनेकांच्या स्मरणांत होता. पुढें महानुभावांनीं आपल्या ग्रंथांच्या अनेक प्रती केल्या, आणि त्यांचे मठ पंजाबापर्यंत, किंबहुना काबूलपर्यंत पसरले. ग्रंथ एका ठिकाणीं नसून अनेक ठिकाणीं होता, हेंच त्याचें संरक्षण. आपल्या घरच्या ठेव्यालाहि हाच न्याय लागू आहे. पांच टीबींच्या एका महागड्या डिस्कपेक्षां दोन टीबींच्या दोन साध्या डिस्क अधिक सुरक्षित. आणि त्या दोन्ही परतवाड्याच्या एकाच कपाटांत ठेवण्यापेक्षां एक अकोल्याच्या बहिणीकडे किंवा पुण्याच्या मुलाकडे असणें अधिक सुरक्षित. दोन्ही एकाच वेळीं एकाच संगणकाला जोडूं नयेत. विजेचा एक झटका दोघींनाहि घेऊन जाईल.

त्याच पंथाच्या इतिहासांतून आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. आपले ग्रंथ परक्यांच्या हातीं पडूं नयेत म्हणून महानुभावांनीं ते सकळ आदि सांकेतिक लिप्यांत लिहिले. त्यामुळें ग्रंथ सुरक्षित राहिले, पण पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला ते कित्येक शतकें अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनीं त्या लिपीची किल्ली शोधून काढली, तेव्हां मराठीच्या आद्य गद्याचें दालन सर्वांना खुलें झालें. आज त्याच रिद्धपुरांत मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झालेलें आहे. हल्लींच्या डिस्कला संकेतशब्दाचें कुलूप लावतां येतें, आणि खासगी कागदपत्रांसाठीं तें लावावेंहि. मात्र तो संकेतशब्द घरांतील एकट्या कर्त्या माणसाच्याच डोक्यांत राहिला, तर त्याच्या पश्चात्‌ घरच्यांना राजवाडे भेटणार नाहींत. आजचीं कुलुपें त्या लिपीहून फार कठीण आहेत. म्हणून तो शब्द कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावा.

तेव्हां पुढच्या वेळीं दुकानांत गेल्यावर खोक्यावरचा टीबीचा मोठा आंकडा वाचून झाला कीं खोकें उलटें करावें आणि मागचा बारीक मजकूर वाचावा. तेथें केवळ यूएसबीचा पुरवठा लिहिला आहे कीं १२ व्होल्टांचा अॅडॉप्टर, केबल किती लांबीची आहे, तोंड कोणत्या प्रकारचें आहे, हें पाहावें. शक्य असेल तर दुकानांतच आपल्या लॅपटॉपला जोडून, लॅपटॉपची वीज काढून, केवळ बॅटरीवर एखादी मोठी फाइल उतरवून पाहावी. ह्याला पांच मिनिटें लागतात. आणि घरीं आल्यावर पहिल्याच आठवड्यांत दुसऱ्या प्रतीची व्यवस्था करावी. तें काम पुढच्या दिवाळीवर टाकूं नये.